आबांची जीप आणि 'ओरिजिनल' नावाची भानगड

नेहमीप्रमाणे ही एपिसोडची लेखी आवृत्ती. ऐकताना सनावळ्या निसटतात असे मेसेज येतात, त्यांच्यासाठी. आणि एसटीत बसल्यावर ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठीसुद्धा. बोललेलं थोडं साफ केलंय, फार नाही.

मागचे काही एपिसोड किल्ले आणि लढायांचे झाले. आज एक जीप आहे. आमचीच.

आमचं गाव खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा पूर्वी अहमदनगर आणि आता अहिल्यानगर. इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाला साधारण एक परिच्छेद मिळतो. ११ मार्च १७९५, मराठे विरुद्ध निजाम, मराठे जिंकले, निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि शेवटी तह केला. संपलं. त्यानंतर खर्ड्यात काय झालं, हे पुस्तकात नसतं. ते घराघरात असतं. आमच्या घरात ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांशेजारी, ताडपत्रीखाली उभं आहे. १९६९ सालची महिंद्रा जीप.

या वर्षी तिच्यासाठी दोन गिऱ्हाइकं आली.

पहिलं माझ्या चुलत भावाने आणलं. पुण्याचा माणूस, जुन्या जीप घेऊन 'मॉडिफाय' करून विकतो. तो म्हणाला, चॅसी वाढवू, नवीन इंजिन टाकू, रुंद टायर, पुढे विंच, वर लाइटचा बार. भावाचे डोळे चमकले.

दुसरा माणूस जुन्या गाड्या जमवणारा. त्याने बोनेट उचललं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "हे डिझेल इंजिन हिचं नाही. मागचा वाढवलेला भाग हिचा नाही. हे सगळं काढून टाकावं लागेल. मग मी हिला ओरिजिनल करीन."

दोघांची किंमत जवळपास सारखीच. पण माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. एकाला गाडी नवी करायची होती, दुसऱ्याला जुनी. आणि दोघांनाही फेकायचं होतं तेच: १९६९ ते आजपर्यंत आमच्या घराने त्या गाडीला जे केलं ते.

मी इंजिनिअर माणूस. मला प्रश्न पडला, की 'ओरिजिनल' म्हणजे नक्की कुठलं व्हर्जन? म्हणून मी मागे मागे जात राहिलो. चला, तुम्हीही या.

मूळ जीप कोणाची?

जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली: हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. ही मुदत पाळली बँटम नावाच्या छोट्याशा कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला नमुना सैन्याच्या दारात उभा राहिला.

पण बँटम छोटी कंपनी, हजारो गाड्या कशा बनवणार? सैन्याने मग विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनाही नमुने करायला लावले. विलीसचं इंजिन सगळ्यात दमदार, ६० हॉर्सपॉवरचं. म्हणून कंत्राट विलीसला. पण जीपची ती ओळखीची उभ्या फटींची लोखंडी जाळी? ती फोर्डची. विलीस आधी पट्ट्या वेल्ड करून जाळी बनवत होती. फोर्डने एकाच पत्र्यातून दाबून काढली, स्वस्त पडली, मग विलीसनेही तीच घेतली.

म्हणजे बघा: कल्पना बँटमची, काळीज विलीसचं, चेहरा फोर्डचा. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. ज्या गाडीला आपण 'अस्सल' म्हणतो, ती पहिल्या दोन वर्षांतच तीन कंपन्यांच्या हातची सरमिसळ होती.

खोक्यांतून आलेली गाडी

२ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये इकडे कंपनीचं नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. आद्याक्षरं तीच राहिली.

सुरुवातीला जीप सुट्या भागांत, खोक्यांतून मुंबईला यायची आणि माझगावला जोडली जायची. मग हळूहळू एकेक भाग इथे बनू लागला. आपल्याकडच्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसलेलं मॉडेल म्हणजे सीजे-३बी. तिचं बोनेट उंच, जरा ताठ मानेचं. ती फॅशन नव्हती. नवीन 'हरिकेन' पेट्रोल इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेट वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र त्याच साच्यातल्या जीप पुढे कितीतरी वर्षं बनत राहिल्या. आमची त्यातलीच.

आणि कंपनी स्वतःसुद्धा गाडी बदलत राहिली. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर इथे ट्रॅक्टर बनवायची कंपनी काढली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव बॅरलला तीन डॉलरच्या आसपास होता, तो बारा डॉलरच्या घरात गेला. पेट्रोलवर जीप चालवणं शेतकऱ्याला परवडेना. मग ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. पुढे पूज्जोच्या तंत्राचं डिझेल इंजिन आलं. गावातले मिस्त्री तरी वेगळं काय करत होते? जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन उतरवायचं आणि डिझेल बसवायचं. कारखान्याने केलं तर 'नवीन मॉडेल', मिस्त्रीने केलं तर 'छेडछाड'.

या गोष्टीचा शेवट तर भन्नाट आहे. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची गाडी विकायला काढली. जुन्याच जीपच्या वळणाची, फक्त शेतात आणि रानावनात चालवायची. तिचे सुटे भाग भारतातून जायचे आणि मिशिगनमध्ये जोडले जायचे. म्हणजे चाळीसच्या दशकात खोकी तिकडून इकडे आली होती, सत्तर वर्षांनी इकडून तिकडे गेली! मग तिकडच्या जीप कंपनीने तक्रार केली, की हा चेहरा आमचा आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ते मान्य केलं आणि महिंद्राला रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं. 'ओरिजिनल कोण' हा प्रश्न फक्त आमच्या शेडमधला नाही, एवढंच सांगायचंय.

आमच्या जीपचे थर

आता शेडमध्ये या.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ही जीप १९७६ मध्ये एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. तेव्हा ती पेट्रोल होती. बाजरी, कांदा, खताची पोती, आणि अधूनमधून अडलेली बाळंतीण. रात्री-अपरात्री जामखेडला न्यायला गावात दुसरं वाहनच नव्हतं.

१९८४ मध्ये आबांनी डिझेल इंजिन बसवलं. अपघात झालेल्या एका जीपचं, कागदपत्रांसकट घेतलेलं. आरटीओत नेऊन रीतसर आरसी बुकावर शिक्का मारून घेतला. तो शिक्का अजून आहे, जांभळ्या शाईचा, अर्धा पुसलेला. आबा शिकले चौथीपर्यंत, पण कागदाला पक्के.

१९९० च्या आसपास आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ती वडापला लावली. खर्डा-जामखेड. ज्यांना वडाप माहीत नाही अशी शहरातली मंडळी ऐकत असतील, तर: वडाप म्हणजे माणसं भरेपर्यंत न हलणारी आणि भरल्यावरही अजून दोन घेणारी जीप. त्यासाठी मागे दीड फूट भाग वाढवला, आडव्या सीटऐवजी समोरासमोर दोन लोखंडी बाकडी टाकली, मागे पायरी लावली. हे मात्र आरसी बुकात कुठेच नाही.

वडापच्या या जुगाडाला कमी लेखू नका हं. फिलिपिन्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या जीप मागे राहिल्या. तिथल्या लोकांनी त्या लांब केल्या, समोरासमोर बाकडी टाकली, छत लावलं, रंगवल्या. त्याला 'जीपनी' म्हणतात आणि आज जगभर ती फिलिपिन्सची ओळख आहे. उद्या मनिलात कुणी जुन्या जीपनीचा मागचा भाग कापून 'मी हिला ओरिजिनल विलीस करतो' म्हणाला, तर लोक त्याला वेड्यात काढतील. आमच्याकडे तेच बाकडं भंगार.

आणि एक तारीख आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. हजारो माणसं झोपेतच गेली. हादरा आमच्याकडेही बसला होता. दुसऱ्या दिवशी गावाने भाकरी, चटणी, घोंगड्या, जुने कपडे जमा केले आणि आण्णा ही जीप घेऊन गेले. येताना मागच्या बाकड्यांवर जखमी माणसं होती, त्यांना वाटेतल्या दवाखान्यात सोडलं. आण्णा याबद्दल फारसं बोलत नाहीत. त्या जमवणाऱ्या माणसाने बाकड्याला लाथ मारल्यासारखं केलं आणि म्हणाला "हे सगळं काढायचं", तेव्हा ते उठून घरात गेले. तेव्हा मला कळलं नव्हतं का.

नगरचा टँक आणि रोल्स रॉइस

मोटारगाड्यांच्या बाबतीत आमचा जिल्हा भाग्यवान आहे. नगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. शाळेच्या सहलीला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. मुलं पॅटन रणगाड्यापुढे फोटो काढतात आणि पुढे जातात. पुढच्या वेळी गेलात तर रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपुढे दोन मिनिटं थांबा.

ती मुळात 'सिल्व्हर घोस्ट'. रोल्स रॉइसची त्या काळातली सगळ्यात नावाजलेली गाडी. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश नौदलाने सिल्व्हर घोस्टचे सांगाडे ताब्यात घेतले, त्यांवर पोलादी पत्रा चढवला, वर गोल बुरूज बसवला आणि त्यात मशिनगन ठेवली. डिसेंबर १९१४ मध्ये पहिल्या गाड्या तयार झाल्या. कमानपाटे मजबूत, इंजिन भरवशाचं, म्हणून हा भार पेलला. या गाड्या वाळवंटात लढल्या, हिंदुस्थानातही वापरल्या गेल्या.

आता विचार करा. ही गाडी 'ओरिजिनल' आहे की 'मॉडिफाय'? आपल्या भाषेत ती मॉडिफायच. कुणी म्हणालं, की ते चिलखत काढा आणि आत राजेसाहेबांसाठी मखमली गाद्यांची बॉडी बसवा, म्हणजे खरी सिल्व्हर घोस्ट मिळेल, तर? इतिहासच पुसला जाईल. तिथे बदल हीच त्या वस्तूची ओळख आहे.

त्या काळी तर महागडी गाडी म्हणजे बहुतेक वेळा नुसता सांगाडा आणि इंजिन. बॉडी दुसराच कारागीर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बांधायचा. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक अजून दसऱ्याच्या सोहळ्याला बाहेर निघते, गर्दी तिच्याकडे बघायला थांबते. अशी गाडी टिकते कशामुळे? वर्षातून एकदा का होईना, तिला चालावं लागतं म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पण थांबा, दुसरी बाजूही ऐका

इथपर्यंत मी वकिली करतोय असं वाटेल. मग मॉडिफायवाल्यांचं सगळं बरोबर का? नाही.

अस्सलपणा जपणाऱ्यांची आपण चेष्टा करतो. फोर्डने युद्धात बनवलेल्या जीपच्या बोल्टवरसुद्धा 'एफ' अक्षर ठोकलेलं असायचं. आज जगात अशी माणसं आहेत, जी तो 'एफ'चा एक बोल्ट मिळावा म्हणून वर्षानुवर्षं भंगार बाजार पालथे घालतात. वेडेपणा? पण अशाच वेड्यांमुळे कळतं, की कुठला पत्रा कसा दाबला होता, रंग कुठला होता, जाळी केव्हा बदलली. मी वर जे सांगितलं ना, बँटम-विलीस-फोर्डचं, ते अशा लोकांनी गाड्या जपल्या म्हणून आज गाडीवर बोट ठेवून दाखवता येतं.

आणि नुकसान किती पटकन होतं ते मुंबईत बघा. प्रीमियर पद्मिनी ही वालचंद हिराचंदांच्या कंपनीची, कुर्ल्यात बनलेली गाडी. काळी-पिवळी म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. रस्त्यावर हजारो होत्या, तोवर एखादी जशीच्या तशी ठेवावी असं कुणाला वाटलं? रोजचं दिसणारं कोणी जपत नाही. मग शेवटच्या दिवशी सगळे फोटो काढायला येतात.

म्हणून ज्याच्याकडे खरोखर हात न लागलेली गाडी आहे, कारखान्याचा रंग, कारखान्याचं इंजिन, त्याने ती कापू नये. ती एकदाच तशी असते. पुन्हा रंगवता येईल, पण पहिला रंग परत येणार नाही.

पुण्याच्या त्या मॉडिफायवाल्याचं मला हेच खटकलं. त्याला चॅसी कापायची होती. एकदा कापली की मागे जायची वाट बंद.

कायदा काय म्हणतो

इथे थोडं कोरडं आहे, पण कामाचं आहे. मॉडिफाय जीपचे रील बघून कोणी पैसे भरायच्या आधी ऐका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. रंग बदलणं, किरकोळ वस्तू लावणं वेगळं. सांगाड्यालाच हात घालणं वेगळं. इंजिन बदलणं किंवा सीएनजी, इलेक्ट्रिक किट बसवणं यांना नियमांत वाट आहे, पण परवानगी आणि नोंद हवी. 'सगळेच करतात' हे उत्तर आरटीओत चालत नाही.

दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी खास नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आणि ही गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

आमची जीप वयात बसते. रूपात बसत नाही. आबांच्या शिक्क्याचं ते प्रामाणिक डिझेल इंजिनच आडवं येतं! आबांनी चोरून काहीच केलं नव्हतं, सगळं कागदावर. आणि त्या कागदामुळेच गाडी 'ओरिजिनल' नाही. मला हसावं की रडावं कळेना.

किल्ल्याने दिलेलं उत्तर

उत्तर मला किल्ल्यावर सापडलं. म्हणजे खरंच, संध्याकाळी फिरायला गेलो होतो.

खर्ड्याचा किल्ला अठराव्या शतकात निंबाळकरांनी बांधला. घडीव दगडाचा, चौकोनी. २०२१ मध्ये किल्ल्यापाशी ७४ मीटर उंच भगवा ध्वज उभारला गेला, तो लांबून दिसतो. म्हणजे तिथेही काळाप्रमाणे भर पडतेच आहे. मी तटाकडे बघत विचार करत होतो. उद्या बुरूज ढासळला तर काय करायचं? तसाच पडू द्यायचा? सिमेंटने लिंपून चकचकीत करायचा? की सतराशे अमुक सालचा 'मूळ' नकाशा शोधून नंतरचं सगळं पाडायचं?

हा प्रश्न जगातल्या पुरातत्त्ववाल्यांना आधीच पडलाय. १९६४ मध्ये व्हेनिसला त्यांनी एक सनद केली. तिचा सारांश माझ्या भाषेत असा: इमारतीवर प्रत्येक काळाने जी खरी भर घातली तिचा मान ठेवा, सगळं एकाच सालाचं दिसावं असा हट्ट धरू नका. दुरुस्ती करा, पण ती दुरुस्ती आहे हे ओळखू येऊ द्या. अंदाजाने काही घडवू नका. आणि जे कराल त्याची नोंद ठेवा.

गंमत म्हणजे जुन्या वाहनांच्या 'फिवा' या जागतिक महासंघाने याच धर्तीवर गाड्यांसाठी ट्यूरिन सनद केली. ट्यूरिन, म्हणजे फियाटचं गाव. किल्ल्याला जो नियम, तोच जीपला. घरी येऊन ते वाचलं आणि डोक्यात टिकटिक थांबली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज काय करतो? कोड बदलतो, पण जुनं पुसत नाही. प्रत्येक बदलाची नोंद: कोणी, कधी, का. पाहिजे तर मागे जाता येतं. मी ठरवलं, की जीपला एकाच व्हर्जनला बांधायचं नाही. तिची सगळी नोंद जपायची.

मग काय केलं

सगळ्यांना बसवलं. आण्णा, चुलते, भाऊ. मी म्हटलं, विकायची नाही असं माझं मत आहे, पण शेडमध्ये कुजवायचीही नाही. नोंदणीचं नूतनीकरण करू, चालवू. भाऊ म्हणाला, "दादा, पासिंग कसं होणार? मागचा भाग बुकात नाहीये. कापावा लागेल."

खोलीत शांतता. तो भाग, ती बाकडी. मला किल्लारीची गोष्ट तोवर आईकडून कळली होती. आता आण्णांकडे कसं बघायचं तेच कळेना.

आण्णा मात्र हसले. म्हणाले, "कापायचा कशाला? बोल्ट काढ. आठ बोल्ट आहेत."

झालं असं होतं, की १९९० मध्ये त्यांच्या मिस्त्रीने तो भाग वेल्ड केलाच नव्हता. चॅसीला भोक नाही, टाका नाही. मूळच्याच भोकांत पट्टी बसवून नट-बोल्टने जोडलेला. का? "पासिंगला काढायचा आणि परत लावायचा," आण्णा म्हणाले. "तेव्हा सगळे तसंच करायचे."

मंडळी, व्हेनिसच्या विद्वानांना जे सुचलं, त्यातलं निम्मं खर्ड्याच्या मिस्त्रीला आरटीओच्या भीतीने सुचलं होतं! (नियम चुकवणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. जास्त माणसं भरून वडाप चालवणं धोक्याचंच होतं, आणि त्यात लोक गेलेतसुद्धा.) पण परत फिरता येईल असं काम करावं, हा धडा मी त्या आठ बोल्टांकडून घेतला.

एका रविवारी आम्ही ते बोल्ट सोडवले. दोन निघेनात, गंजलेले. रॉकेल टाकून रात्रभर ठेवले, सकाळी सुटले. मागचा भाग आणि दोन्ही बाकडी आता शेडच्या भिंतीला लावून ठेवलीत, खाली विटा. रंगवलेली नाहीत. डिझेल इंजिन तसंच ठेवलं, कारण ते बुकात आहे आणि ते आबांचं आहे. ब्रेक मात्र सगळे नव्याने केले. इतिहासासाठी कोणी मरायची गरज नाही. भावाचंही ऐकलं: बेल्ट लावले आणि दिव्यांत चांगले बल्ब टाकले. चालणारी गाडीच टिकते, हे त्याचं म्हणणं खरं होतं. लाइटच्या बारला मात्र नकार. तो अजून रुसलेला आहे.

आणि एक वही केली. पहिलं पान: १९६९, पेट्रोल, सरकारी खातं. दुसरं: १९७६, लिलाव. मग १९८४, इंजिन, शिक्क्याचा फोटो. मग १९९०, बाकडी. १९९३ चं पान आण्णांनी स्वतः लिहिलं. चार ओळी आहेत. त्या मी वाचून दाखवणार नाही.

खंडेनवमीला आम्ही जीप धुतली, झेंडूचा हार घातला. पूजा झाल्यावर आण्णा शेडमध्ये गेले आणि हळदीकुंकवाची दोन बोटं त्या बाकड्यांनाही लावून आले.

तुमच्याकडेही कुठेतरी राजदूत, लुना, येझदी, ट्रॅक्टर, जीप उभी असेल. विकायच्या, कापायच्या किंवा 'ओरिजिनल' करायच्या आधी एक संध्याकाळ काढा. आरसी बुक शोधा, त्यावरचे शिक्के बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: हे कधी बदललं, का बदललं? उत्तर रेकॉर्ड करा, फोन तर हातातच आहे. मग ठरवा काय करायचं ते.

आणि ते रेकॉर्डिंग मला पाठवा. पुढचा एपिसोड तुमच्या गाड्यांवर करू. तोपर्यंत, राम राम!